रानघोडे पाहायला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतलं येलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आटोपून पूर्वेच्या दाराने कोडीला उतरणारी आपली बरीच मंडळी जाता जाता रानघोडेही ‘उरकायला’ बघतात. वायोमिंगमधल्या या गावाच्या पूर्वेला, ग्रेबुलकडे जाणाऱ्या महामार्गालगत मॅक्कुला पीक्सचा सरकारी माळ आहे. तासभर काढून गेलं की बहुतेकदा निराशाच पदरी येते. माळ सुमारे १,१०,००० एकरांचा, घोडे शे-दोनशेच्या घरात. हिशोब तुम्हीच करा. अख्खी सकाळ हाताशी ठेवा.

घोडे दिसतच नाहीत

एक तर वेळ चुकते, नाहीतर नजर जवळच घुटमळते. उन्हाळ्यात उजाडताना पोचा. उंचवट्यावर गाडी लावा, इंजिन बंद करा आणि ८x४२ च्या (आठपट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीने क्षितिजाखालचा पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश चाळा. धावत्या गाडीतून शोधणं व्यर्थ. लांबचे काळे ठिपके गाईही असू शकतात, कारण अशा सरकारी माळांवर खासगी गुरं परवान्याने चरतात. मान वर काढली की फरक कळतो: घोड्याची मान पाठीच्या बरीच वर उठते, गाईचं डोकं जवळपास पाठीच्या रेषेतच राहतं. वाटेत लिदीचा मोठा ढीग दिसला म्हणून हुरळू नका. नर घोडे एकाच जागी पुन्हा पुन्हा लीद टाकतात, त्यामुळे ढीग जुनाही असतो. वरची लीद ओलसर, हिरवट असेल तरच घोडे नुकते येऊन गेलेत.

जागा बरोबर, मोसम चुकीचा

माँटाना-वायोमिंग सीमेवरच्या प्रायर पर्वतात उन्हाळ्यात बरेच कळप माथ्यावर चढतात. तिथवरचे रस्ते खडकाळ. उंच चेसिसची फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच, आणि वरचा बर्फ जूनपर्यंतही रेंगाळतो. साधी गाडी असेल तर लव्हेल गावाहून बिगहॉर्न कॅनियन या दरीकडे जाणारा ३७ क्रमांकाचा डांबरी रस्ता धरा; तिथे कधीकधी गाडीतूनच घोडे दिसतात.

पावसात कच्च्या रस्त्यावर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या भागातल्या मातीत बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) असतं. पाणी लागलं की ते फुगतं, चाकांच्या खाचा लिंपून टाकतं, आणि मग फोर-व्हील ड्राइव्हही साबणावरून घसरल्यासारखी जाते. ढग दाटले की परत फिरा. अडकलातच तर चाकं फिरवत बसू नका, गाडी आणखी रुतते. रस्ता वाळेपर्यंत थांबा. त्यासाठी माणशी दिवसाला ४ लिटर पाणी, खाणं आणि पांघरूण गाडीत हवं. टाकी भरलेली, स्टेपनी पूर्ण आकाराची, नकाशा आधीच डाउनलोड केलेला. भाड्याच्या गाडीचा करारही वाचा. अनेक करारांत कच्चा रस्ता वर्ज्य असतो.

फार जवळ जाणं

किमान १०० फूट अंतर ठेवा, म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या साधारण तीन एसटी गाड्यांएवढं. चरणाऱ्या घोड्यांनी एकदम माना वर करून तुमच्याकडे पाहिलं, तर १०० फुटांवर असलात तरी मागे सरका. नराने कान मागे पाडून मान सापासारखी जमिनीलगत आणली की तो आपल्या घोड्या हाकतोय. त्याच्या वाटेत येऊ नका. घोडी आणि शिंगरू यांच्या मधे तर कधीच नाही. शिंगरू जमिनीवर आडवं पडलेलं दिसलं तर ते बहुतेक झोपलेलं असतं, ‘वाचवायला’ धावू नका. फोटोसाठी ४०० मिमीची लेन्स न्या, ड्रोन नको. घोड्यांना त्रास देणं रानघोड्यांच्या रक्षणासाठीच्या १९७१ च्या अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे: २,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही.

सफरचंद, गाजर अजिबात देऊ नका. रखरखीत गवतावर पोसलेल्या पोटाला ते झेपत नाही, पोटशूळ उठतो. शिवाय गाड्यांपाशी घुटमळायची सवय लागली की घोडा रस्त्यावर मरतो.

तंबू पाणवठ्याला खेटून ठोकू नका. माणसं दिसली की कळप लांबच थांबतो, आणि कोरड्या माळावर दुसरं पाणी कित्येक किलोमीटरवर असू शकतं. कुंपणाचं फाटक मात्र जसं सापडलं तसंच ठेवा. उघडं फाटक लावून घ्यायचा आपला चांगुलपणा पलीकडच्या जनावरांचं पाणी तोडू शकतो.