घरी शिकणाऱ्या मुलांचे लेखन : या चुका टाळा

कोल्हापुरात होमस्कूलिंग करणारी कुटुंबे मोजकीच असल्यामुळे नवे पालक विचारपूस करत माझ्या घरापर्यंत येतात. सोबत मुलाची वही असते आणि ती उघडण्याआधीच तक्रार ऐकू येते : "तोंडाने तासभर बोलतो, पण चार ओळी लिहायला सांगितल्या की रडतो." नऊ वर्षे हे ऐकल्यावर मला वह्या न पाहताही सांगता येते की त्यामागे त्याच चार-पाच चुका असणार.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सुचणे आणि लिहिणे ही दोन कामे लहान मुलावर एकाच वेळी लादणे. मनातले वाक्यात आणणे हे एक काम आहे आणि ते वाक्य अक्षर, काना-मात्रा व जोडाक्षरे सांभाळत कागदावर उतरवणे हे दुसरे. सात वर्षांच्या मुलाचा हात एक शब्द पुरा करेपर्यंत पुढचे वाक्य डोक्यातून निघून गेलेले असते. ही चूक मी स्वतः केली आहे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना मी परदेशातून एक महागडा इंग्रजी लेखन-अभ्यासक्रम मागवला, कारण त्यात रोजचा पाठ आयता आखून दिलेला होता. डिसेंबरमधला पाठ होता पहिल्या बर्फाच्या दिवसाचा. मी तो बदलून "हिवाळा" हा विषय मराठीत दिला. चाळीस मिनिटांत त्याने लिहिले : "हिवाळा येतो. थंडी पडते. मला हिवाळा आवडतो." तिसरे वाक्य त्याने इतक्या वेळा खोडले की कागद फाटला.

त्याच आठवड्यात आम्ही नातेवाइकांच्या गुऱ्हाळावर गेलो. रात्री तो आजीला सांगत होता : "गुळव्यानं काहिलीत भेंडीचं पाणी ओतलं आणि सगळी काळी मळी वर आली, आई साबण लावते तेव्हा माझ्या अंगाचा मळ निघतो तशी." मी वही घेऊन बसले आणि तो बोलेल तसे, एकही शब्द न बदलता, लिहीत गेले, दोन पाने भरली. दुसऱ्या दिवशी त्यातले त्याला आवडलेले एकच वाक्य त्याने स्वच्छ अक्षरात उतरवून काढले, आणि दोन दिवसांनी तेच वाक्य मी त्याला श्रुतलेखनासाठी घातले. पुढची दीड वर्षे आमचा लेखनाचा अभ्यासक्रम एवढाच होता. ही पद्धत माझी नाही. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) यांनी तोंडी कथन, अनुलेखन आणि आधी पाहून ठेवलेल्या उताऱ्याचे श्रुतलेखन याच पायावर लेखन उभे केले, आणि मुलाने स्वतःच्या हाताने कथन लिहिण्याची वेळ दहाव्या वर्षाच्या आसपास ठेवली. एवढे थांबायला सांगितले की पालक अस्वस्थ होतात. त्यांना मी आठवण करून देते की शाळेत न जाताही जी देता येते त्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय 14 वर्षे आहे. सातव्या वर्षी निबंध यावा असा नियम कोठेही नाही.

दुसरी चूक लाल पेनाची, आणि तिच्याबद्दल मला मनापासून राग येतो. एका मुलाच्या अर्ध्या पानावर वडिलांनी तेवीस लाल गोल केलेले मी मोजले. त्यानंतरच्या पानांवर त्या मुलाने एकही जोडाक्षर वापरलेले नव्हते. "गुऱ्हाळ" चुकेल म्हणून "रान" आणि "म्हैस" चुकेल म्हणून "गाय" असे तो लिहू लागला होता. शुद्धलेखन पक्के झालेच पाहिजे, पण मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4 असे सगळे 18 नियम एकाच पानावर लागू करण्याची घाई कशासाठी? मी महिन्याला एकच नियम घेते. उदाहरणार्थ, "गूळ" दीर्घ पण "गुळाचा" ऱ्हस्व, "ऊस" पण "उसाचा", "फूल" पण "फुलाला". त्या महिन्यात फक्त तेवढीच चूक पाहायची, ओळीच्या समासात पेन्सिलने एक ठिपका द्यायचा आणि चूक मुलालाच शोधू द्यायची. बाकीच्या चुका दिसल्या तरी हात आवरायचा.

इयत्ता पाहून पुस्तक निवडू नका. मुलाला आधी एखादी गोष्ट सांगायला लावा, मग दोन वाक्ये लिहायला लावा, आणि हात जेथे अडखळतो त्या पायरीचे पुस्तक घ्या. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यामुळे खालच्या इयत्तेचे पुस्तक आधी वापरून पाहायला पैसे लागत नाहीत.

इंग्रजी अभ्यासक्रम जसाच्या तसा मराठीत आणू नका. मोठ्या लिपीतील (कॅपिटल) अक्षरांचे धडे आपल्याला निरुपयोगी आहेत आणि सामान्यरूप ("गूळ"चे "गुळा-" होते ते) व रफार त्यात सापडणार नाहीत.

दर दोन महिन्यांनी अभ्यासक्रम बदलू नका. एक वर्षभर तरी एकच ठेवा.

बाजारातील तयार निबंध पाठ करून घेणे मी माझ्या घरात कधीच होऊ दिले नाही, कारण त्यातून मुलाला दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून खपवण्याची सवय लागते. महागडा संच घेण्याआधी वाचनालयाची वर्गणी भरा. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून याच शहरात आहे, आणि ज्याच्या कानावर चांगले मराठी पडलेले नाही त्याच्याकडून कोणताही संच चांगले मराठी लिहून घेणार नाही.

एक चूक उलट दिशेचीही आहे : मूल अकरा-बारा वर्षांचे झाले तरी पेन आईच्याच हातात राहणे. माझ्याकडून हेही होत आले होते. मग मी ठरवले की कथनाचे पहिले वाक्य त्याने लिहायचे आणि उरलेले मी. पुढच्या आठवड्यात त्याची दोन वाक्ये, त्यानंतर तीन. नवव्या आठवड्यात एका प्रसंगाच्या मधोमध मी पेन घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्याने मान वर न करता वही आपल्याकडे ओढून घेतली.