डोळ्यांच्या थेंबांचं आयसोटॉनिक गणित: या चुका टाळा

अश्रू आणि रक्तद्रव दोन्ही उणे ०.५२ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतात. ०.९ टक्के मिठाचं पाणीही साधारण तिथंच गोठतं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. थेंब आयसोटॉनिक हवेत, म्हणजे त्यांत पेशी फुगू नयेत की आकसू नयेत, म्हणून त्यांत मीठ घालतात; पण औषध स्वतः जेवढ्या मिठाचं काम करतं तेवढं वजा करून. घोळ होतो तो या वजाबाकीत.

३० मिली, १ टक्का ॲट्रोपिन सल्फेटचे थेंब बनवायचे आहेत असं धरा. औषध लागेल ०.३ ग्रॅम. त्याची ई व्हॅल्यू (एक ग्रॅम औषध किती ग्रॅम मिठाइतकं काम करतं तो आकडा) ०.१३, म्हणजे ०.३ ग्रॅम औषध ०.०३९ ग्रॅम मिठाचं काम करतं. इथवर बहुतेकांचं बरोबर येतं. मग हात सवयीनं ०.९ मधून वजा करतो आणि उत्तर येतं ०.८६१ ग्रॅम. पण ०.९ ग्रॅम हे १०० मिलीचं मीठ! ३० मिलीला लागतं ०.२७ ग्रॅम. त्यातून ०.०३९ वजा केले की खरं उत्तर मिळतं, ०.२३१ ग्रॅम. चुकीच्या उत्तरानं बनवलेल्या बाटलीत जवळजवळ २.९ टक्के मीठ जाईल. ते थेंब डोळ्यांत टाकले की चुरचुर होणार, पाणी सुटणार आणि त्या पाण्याबरोबर औषधही वाहून जाणार.

पडताळा गोठणबिंदूच्या पद्धतीनं घ्या. १ टक्का ॲट्रोपिन सल्फेट गोठणबिंदू सुमारे ०.०७५ अंशानं खाली आणतं, १ टक्का मीठ ०.५७६ अंशानं. ०.५२ मधून ०.०७५ वजा करून ०.५७६ नं भागलं की येतं ०.७७. हे टक्के आहेत, ग्रॅम नव्हेत. ३० मिलीसाठी ०.२३ ग्रॅम. दोन्ही उत्तरं जुळली तरच तराजूकडे वळा. औषध अर्धा टक्का असेल तर ०.०७५ सुद्धा निम्मं करायचं, हे विसरू नका.

वजाबाकी उणे आली तर उणे चिन्ह खोडून तेवढं मीठ घालू नका. १० टक्के सल्फासिटामाइड सोडियमचं तसंच होतं. ते मुळातच हायपरटॉनिक, म्हणजे अश्रूंपेक्षा तीव्र असतं.

आता गणितात न सापडणारी चूक. १.९ टक्के बोरिक ॲसिडचा परासरण दाब (द्रावणाचा पाणी ओढून घेण्याचा जोर) रक्ताइतकाच भरतो. डोळ्याला ते चालतं. पण त्यात तांबड्या पेशी टाकल्या तर फुटतात, कारण बोरिक ॲसिड पेशीपटलातून आरपार आत शिरतं आणि पाठोपाठ पाणीही. म्हणून आयसोऑस्मोटिक (समान परासरण दाबाचं) आणि आयसोटॉनिक हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. पहिल्यात फक्त द्रावणं मोजली जातात, दुसऱ्यात पेशीपटलही बघावं लागतं.

आणि सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबांत मीठ नकोच. सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. तिथं सोडियम नायट्रेट घ्या.