‘यू मस्ट नॉट कम डाऊन’: इंग्रजी मॉडल व्हर्बच्या या चुका टाळा

गोव्यात कळंगुटच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर नवी होते तेव्हाची गोष्ट. वरच्या मजल्यावरून एका इंग्रज आजोबांचा फोन आला. चहासाठी खाली यायचं का, असं विचारत होते. मला सांगायचं होतं, ‘तुम्ही यायला नको, मुलगा वर घेऊन येतो.’ तोंडातून निघालं, ‘सर, यू मस्ट नॉट कम डाऊन.’ पलीकडे एकदम शांत. मग दबक्या आवाजात, ‘व्हाय? इज समथिंग राँग डाऊन देअर?’ खाली काहीही झालं नव्हतं. मी फक्त त्यांना खोलीबाहेर पडायची बंदी घातली होती.

आता डिचोलीत संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेते. समोर बसणारी मुलं सत्तरी, पेडणे, डिचोलीकडची. कुणी हॉटेलात, कुणी दुकानात, कुणी मोपाच्या विमानतळावर कामाला. प्राथमिक शाळा मराठीतून झालेली, घरात कोंकणी. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही नऊ मॉडल व्हर्ब, म्हणजे मुख्य क्रियापदाला शक्यता, गरज, परवानगी अशा छटा देणारी साहाय्यक क्रियापदं, सगळ्यांना पाठ, आणि त्यांचे अर्थही पाठ: कॅन म्हणजे ‘शकतो’, मस्ट म्हणजे ‘पाहिजे’. घोळ नेमका इथे होतो. आपला ‘पाहिजे’ एकटा किती कामं करतो बघा. ‘मला चहा पाहिजे.’ ‘मला आता निघायला पाहिजे.’ ‘तू जरा अभ्यास करायला पाहिजेस.’ ‘एव्हाना फेरीबोट यायला पाहिजे.’ कोंकणीतला ‘जाय’ही तसाच, ‘म्हाका च्या जाय’ आणि ‘म्हाका वचूंक जाय’. इंग्रजीत पहिल्याला वॉन्ट, दुसऱ्याला हॅव टू, तिसऱ्याला शुड. चौथ्यालाही शुडच, पण तिथे तो उपदेश नसतो, अंदाज असतो.

‘यायला नको’ आणि ‘येऊ नका’

माझी चहाची चूक इथली. मराठीत या दोन गोष्टी आपण कधीच एकमेकींत मिसळत नाही. ‘यायला नको’ म्हणजे गरज नाही, आलात तरी हरकत नाही. ‘येऊ नका’ म्हणजे मनाई. इंग्रजीतही फरक तितकाच ठळक आहे: गरज नाही तिथे ‘यू डोन्ट हॅव टू कम’ किंवा ‘यू नीडन्ट कम’, मनाई आहे तिथे ‘यू मस्ट नॉट कम’. गंमत अशी, की होकारार्थी वाक्यात मस्ट आणि हॅव टू जवळजवळ सारखे वाटतात. ‘नॉट’ लागलं की दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना होतात. म्हणून बिल आत्ता भरायची गरज नसेल तर गिऱ्हाइकाला ‘यू मस्ट नॉट पे नाऊ’ सांगू नका. तो बिचारा विचार करत बसेल की या बिलात काय भानगड आहे!

उलट चूकही होते, आणि ती महाग पडू शकते. आपल्या किनाऱ्यांवर लाल-पिवळ्या बावट्यांमधली जागा पोहण्यासाठी असते; नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही. शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, काम करणारा माझा एक विद्यार्थी पर्यटकांना नम्रपणे सांगायचा, ‘सर, यू शुड नॉट स्विम हिअर.’ शुड म्हणजे सल्ला. ‘इथे पोहणं बरं नव्हे हां’ इतकाच त्याचा जोर. सल्ला ऐकून माणूस मान डोलावतो आणि पाण्यात शिरतो. तिथे मस्ट नॉटच हवा, किंवा सरळ ‘नो स्विमिंग हिअर, प्लीज’.

मस्ट नेहमी उद्धट असतो का?

नाही. कुणाच्या भल्यासाठी तो येतोय त्यावर आहे. ‘यू मस्ट ट्राय आवर खतखतं’ हे आग्रहाचं वाढणं झालं, पाहुणा खूश होतो. ‘यू मस्ट फिल धिस फॉर्म’ हा हुकूम. मराठीत ‘एवढा फॉर्म भराल का?’ म्हटलं की आदर क्रियापदातच येतो, वेगळं काही जोडावं लागत नाही. इंग्रजीत तो आदर मॉडलकडून घ्यावा लागतो: ‘कुड यू फिल धिस इन, प्लीज?’ मुलं म्हणतात, मॅडम, कुड तर भूतकाळ. इथे नाही. इथे कुड म्हणजे ‘भराल का’मधला ‘आल’.

वुड म्हणजे जास्त सभ्य विल, हा गैरसमज

आपल्याकडच्या ऑफिसांतल्या मेलमध्ये ही चूक इतकी मुरलीय, की आता ती चूक आहे हेच कुणाला पटत नाही. ‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमॉरो.’ लिहिणाऱ्याला वाटतं, विलपेक्षा वुड जरा अदबीचा. बाहेरचा वाचतो ते असं: ‘उद्या मी रजेवर गेले असते, पण...’ आणि तो ‘पण’च्या पुढचं शोधत बसतो. उद्याची रजा ठरलेली आहे ना? मग ‘आय विल बी ऑन लीव्ह’. वुडची अदब मागण्यात शोभते: ‘आय वुड लाइक अ विंडो सीट’, ‘वुड यू माइंड वेटिंग?’ माहिती देताना ती कामाची नाही. याचंच भावंड म्हणजे ‘इफ आय वुड हॅव नोन’. ‘मला ठाऊक असतं तर’ यातल्या ‘तर’च्या अलीकडे वुड नको: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’

कालच्या गोष्टी

मस्टला भूतकाळाचं रूप नाही. ‘काल मला म्हापशाला जावं लागलं’ याचं ‘आय मस्ट गो यस्टरडे’ होत नाही, ‘आय हॅड टू गो’ होतं. यावर हुशार विद्यार्थी म्हणतो, मग ‘आय मस्ट हॅव गॉन’ का नको? कारण त्याचा अर्थ ‘मी गेलेच असणार’. ‘आय मस्ट हॅव गॉन टू म्हापसा लास्ट फ्रायडे’ असं म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, शुक्रवारच्या बाजारात गेलात की नाही हे तुम्हालाच आठवत नाही आणि तुम्ही पिशवीतल्या मिरचीवरून तर्क काढताय.

अशा तर्काला नकार द्यायचा झाला तर बहुधा कान्ट येतो. ‘तो मडगावला असणार’ म्हणजे ‘ही मस्ट बी इन मडगाव’. ‘छे, नसणार, आत्ताच त्याची स्कूटर दिसली’ म्हणजे ‘ही कान्ट बी इन मडगाव’.

‘करायला हवं होतं’ला ‘शुड हॅव डन’. इथे तिसरं रूपच लागतं; ‘शुड हॅव वेन्ट’ आणि ‘शुड हॅड गो’ हे दोन्ही मला मुलांच्या वह्यांत दर आठवड्याला सापडतात. बोलताना या हॅवचा नुसता ‘अव्ह’ उरतो. तो ऐकून ‘शुड ऑफ’ लिहिणारे खुद्द इंग्रजही आहेत, तेव्हा फार लाजू नका.

आता जरा बारीक गोष्ट. ‘काल धावत जाऊन चोडणची शेवटची फेरीबोट पकडू शकलो.’ याचं ‘आय कुड कॅच द लास्ट फेरी’ करू नका. एखाद्या वेळी एखादी गोष्ट जमली, तर ‘आय मॅनेज्ड टू कॅच’ किंवा ‘आय वॉज एबल टू कॅच’; साधं ‘आय कॉट इट’ सगळ्यांत सरस. कुड येतो तो अंगच्या येण्याला: ‘लहानपणी मला मांडवीत पोहता यायचं’, ‘आय कुड स्विम’. बोट चुकली तर मात्र ‘आय कुडन्ट कॅच इट’ बिनधास्त म्हणा, नकाराला ही अट नाही. आणि धक्क्यावरून पलीकडचे दिवे दिसत होते, तर ‘आय कुड सी द लाइट्स’ बरोबर. दिसणं-ऐकू येणं यांना कुड चालतो. का? विचारू नका, चालतो.

आज पाऊस पडेल का

‘इट कॅन रेन टुडे’ नको, ‘इट माइट रेन’ किंवा ‘इट मे रेन’ म्हणा. कॅन सर्वसाधारण शक्यतेला: ‘इट कॅन रेन इन मे’, म्हणजे मे महिन्यातही कधी कधी पाऊस येतो. आजच्या ढगांकडे बघून बोलताय तर माइट.

फुटकळ पण हमखास

‘ही कॅन्स’ नाही, मॉडलला एस लागत नाही. ‘कॅन टू गो’ नाही, पुढे टू लागत नाही. ‘आय डोन्ट कॅन’ नाही, ‘आय कान्ट’. दोन मॉडल शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘विल कॅन’ऐवजी ‘विल बी एबल टू’. आणि ‘आय यूज्ड टू गो बाय बस’ म्हणजे पूर्वी जात असे, आता नाही. रोज अजूनही कदंबच्या बसनेच जात असाल तर ‘आय युजली गो बाय बस’.

‘मे’चं तेवढं सांगायचं राहिलं. शाळेत ‘मे आय कम इन’ घोटून घेतल्यामुळे मे म्हणजे नम्रता हे डोक्यात पक्कं बसलंय. विचारताना ते खरं आहे, जरी रोजच्या बोलण्यात ‘कॅन आय’ला कुणी नाक मुरडत नाही. गेल्या महिन्यात विमानतळावर लागलेल्या एका मुलीचा मेसेज आला: ‘मॅडम, चेकिंग झाल्यावर पॅसेंजरला छान हसून यू मे गो नाऊ म्हटलं, तर तो रागावला. काय चुकलं?’ तिला लिहिलं, अगो, परवानगी मागताना मे म्हणजे तू वर्गाच्या दारात उभी. परवानगी देताना मे म्हणजे तू हेडमास्तरांच्या खुर्चीत. ‘प्लीज गो अहेड’ म्हण. तासाभराने उत्तर आलं, ‘थँक यू मॅडम, आता यू मे स्लीप.’ खाली हसणारे तीन चेहरे.