टायर ट्रॅक, झिगझॅग का पीकॉक? स्पायनी ईल ओळखायची कशी

सांगली-मिरजेत काय नि साताऱ्यात काय, ॲक्वेरियमच्या दुकानात स्पायनी ईलची (पाठीवर बारीक काटे असलेला, सापासारखा लांबडा मासा) जी वीतभर पिल्लं मिळतात ती पहिल्या नजरेला सगळी सारखीच भुरी, लांबडी दिसतात, म्हणून टाकीवर चिकटवलेल्या नावावर विसंबून घेऊ नका. यातली एखादी फूटभरावर थांबते आणि एखादी तीन फुटांच्या पुढं जाते, मग दोन फुटी टाकीत तिचे हाल होतात.

आधी शेपूट बघायचं, रंग नंतर. पाठीची, शेपटीची आणि खालची फिन (पर) एकमेकींना जोडून सलग गेलेली असंल तर ती मास्टासेम्बेलस गटातली, म्हणजे बाजारात मिळणाऱ्यांपैकी मोठ्या होणाऱ्या. शेपटीची फिन मधी फट ठेवून सुटी दिसली तर मॅक्रोग्नॅथस, या लहान. निम्मं काम इथंच झालं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो टायर ट्रॅक आणि झिगझॅगमध्ये, कारण दोन्ही टायर ट्रॅक म्हणूनच विकतात. झिगझॅग म्हणजे शास्त्रीय नावानं अर्मेटस, आपल्या कृष्णेतली वामच की ती! बाजारात वाम बघितली असंल तर आठवा, नागमोडी नक्षी पाठीला आणि अंगाच्या वरच्या भागातच असते, पोट साधं राहतं, आणि ही ९० सेंटीमीटरपर्यंत वाढते. खरी टायर ट्रॅक म्हणजे फेवस, ती थायलंडकडची, तिची नक्षी जाळीसारखी खाली पोटापर्यंत उतरते, लांबी ७० सेंटीमीटरपर्यंत. म्हणून पोट बघितल्याशिवाय नाव ठरवू नका, पिशवीत घेतल्यावर खालून बघा सरळ, दुकानदाराला सांगायला लाजायचं कशाला.

फायर ईल ओळखायला सोपी, काळपट अंगावर लाल-केशरी पट्टे आणि ठिपके. फक्त पिल्लात तेच पट्टे पिवळट असतात, तिथं लोक फसतात. ही मीटरभर होते.

सुट्या शेपटीच्या ईलमध्ये पाठीच्या फिनच्या बुडाशी गोल डोळ्यासारखे काळे ठिपके आणि डोळ्यापासून शेपटीकडं गेलेली फिकट रेघ दिसली तर बहुतेक पीकॉक, म्हणजे सियामेन्सिस, ३० सेंटीमीटरपर्यंत. हिला बरेच जण ॲक्युलिएटस या दुसऱ्याच जातीच्या नावानं विकतात, आणि आपल्या देशातल्या अरल नावाच्या ईलच्या पाठीवरही असेच डोळे असतात, तेव्हा नुसते डोळे दिसले की पीकॉक म्हणून मोकळं होऊ नका, अंगावरची रेघ पण बघा. डोळे नाहीतच, नुसते बारीक पिवळट ठिपके आणि उभे पट्टे असतील तर पॅनकॅलस, आपल्या देशातलीच, १८ सेंटीमीटरच्या आसपास, लहान टाकीवाल्यांनी हीच शोधावी असं माझं मत.

कुणाला विचारायला फोटो काढणार असाल तर नुसतं वाळूतनं बाहेर आलेलं तोंड काढू नका, त्यावरनं काहीच कळत नाही. पूर्ण अंग बाजूनं, पोट, आणि शेपटीचं टोक जवळनं, असे तीन फोटो काढा.