रेंजवरच्या पिस्तुलाच्या पुंगळ्या: गोळा करताना काय पाहायचं

आधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि जुनी पुंगळी (गोळी उडाल्यावर उरणारं काडतुसाचं रिकामं कवच) पुन्हा भरणं हेही तयार करणंच आहे. म्हणून नागपूरच्या क्लबातल्या नेमबाजाचं काम पुंगळ्या गोळा करणं, निवडणं, साफ करणं आणि मोजून क्लबाकडे जमा करणं एवढंच. पुढे त्या परवानाधारकाकडे जातात. हे काम रेंजवरच नीट केलं, तर पुढचा निम्मा त्रास वाचतो.

गोळीबार सुरू असताना वाकायचं नाही. रेंज ऑफिसरने थांबवल्यावर, सगळी शस्त्रं रिकामी करून खाली ठेवल्यावरच उचलायला जा. फायरिंग लाइनच्या पुढे पडलेल्या पुंगळ्या त्याच्या परवानगीशिवाय उचलू नका. बहुतेक पिस्तुलं पुंगळी उजवीकडे फेकतात, त्यामुळे त्या बाजूला ताडपत्री अंथरली की शोधाशोध राहत नाही. वाळूत पडलेली पुंगळी कण घेऊन येते आणि ते कण पुढे डाय (पुंगळीला पुन्हा मापात आणणारा साचा) खरवडतात. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या सिलिंडरमधून सरळ डब्यात ओता.

२५ मीटर सेंटर फायर या पिस्तूल स्पर्धाप्रकारात एका नेमबाजाच्या ६० गोळ्या होतात (३० प्रिसिजन म्हणजे सावकाश, ३० रॅपिड म्हणजे झटपट), शिवाय सरावाच्या गोळ्या. जेवढं काडतूस दिलं तेवढी पुंगळी परत यायला हवी. हिशेब जुळला नाही तर एखादं न उडालेलं काडतूस ढिगात असू शकतं. घोडा पडूनही काडतूस उडालं नाही, तर ३० सेकंद नळी निशाण्याकडेच ठेवा, मग ते काढून वेगळ्या डब्यात रेंज ऑफिसरला द्या. तसलं काडतूस पुंगळ्यांच्या डब्यात कधीही टाकू नका.

निवडण्याचं काम सर्वात किचकट, आणि चुका इथेच होतात. .२२ कॅलिबरची (नळीच्या मापाची) पुंगळी पहिल्यांदा बाजूला काढा. तिचं प्रायमर मिश्रण (पिनच्या ठोक्याने पेटून दारू पेटवणारं) कडेच्या आत असतं आणि पिन ती कडच चेपते, म्हणून ती पुन्हा भरता येत नाही. ती मोजून क्लबाकडेच द्या, परस्पर इतवारी बाजारात मोडीत घालू नका. .२२ची पुंगळी .३२च्या आत गुपचूप जाऊन बसते, म्हणून प्रत्येक .३२ उलटी करून झटका.

खरी फसवणूक .३२ एसीपी आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या दोन काडतुसांच्या पुंगळ्यांत. दोन्हींची जाडी जवळपास सारखी. पण एसीपीची लांबी सुमारे १७.३ मिमी, लाँगची २३.४ मिमी. शिवाय लाँगची कड ठळक बाहेर येते, एसीपीची जेमतेम. डोळ्यावर विश्वास न ठेवता व्हर्नियर लावा. लोहचुंबकाला चिकटणारी पोलादी पुंगळी बाद, हलकी करडी ॲल्युमिनियमचीही बाद. मग टॉर्चने आत पाहा: तळाला मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर जातीची, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन जातीची. बर्डनचं जुनं प्रायमर साध्या डिकॅपिंग पिनने (जुनं प्रायमर ढकलून काढणारी पिन) निघत नाही, पिन मोडते, म्हणून तीही बाद.

तोंडावरची चीर, तळाजवळचा फुगवटा, प्रायमरभोवती धुराचं काळं कडं, यांतलं काहीही दिसलं की ती पुंगळी बाद. तोंडाला किरकोळ चेप असेल तर चालतो, डाय तो सरळ करते. शंका आली तरी बाद करा, एका पुंगळीच्या किमतीसाठी हात पणाला लावू नका.

साफ करताना घरच्या पितळी भांड्यांची सवय अंगाशी येते. चिंच किंवा लिंबू लावून ठेवलं तर आम्ल जस्त ओढून घेतं आणि पितळ गुलाबी पडतं. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड व भांडी धुण्याच्या साबणाचे थोडे थेंब, १५ मिनिटं, मग तीनदा स्वच्छ पाणी, एवढं पुरतं. अमोनिया असलेलं पॉलिश अजिबात वापरू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत, त्यामागे अमोनियाच होता.

वाळवायला मेमधलं इथलं ऊन पुरेसं असतं, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत प्रायमरच्या खोबणीत पाणी अडकतं. पुंगळ्या तोंड खाली करून पंख्याखाली दोन दिवस ठेवा. ओव्हनमध्ये भाजू नका, जास्त उष्णतेने तळ मऊ होतो आणि तो मऊ झाला की पुंगळी धोक्याची.

प्रायमरच्या राखेत शिसं असतं. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. शेवटी साबणाने, थंड पाण्याने हात धुवा.

कॅलिबर, तारीख आणि नग लिहून ५०-५० च्या पिशव्या क्लबात जमा करा आणि नोंदवहीत सही घ्या. विमानाने स्पर्धेला निघण्याआधी रेंजची बॅग उलटी करून झटका. कप्प्यात अडकलेली रिकामी पुंगळीही विमानतळावरच्या तपासणीत दिसते, आणि मग तिथेच उत्तरं देत बसावं लागतं.