तलवारीच्या निवासी शिबिराला जाताय? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास युथ हॉस्टेलच्या दारात गाड्या लागायला सुरुवात होते. लांबलचक पिशव्या उतरतात, कुणाच्या काखोटीला मास्क असतो, कुणाच्या हातात ढाल. रविवारी दुपारचं जेवण झालं की सगळे पांगतात. मधल्या वेळात सकाळ-दुपार वर्ग आणि संध्याकाळी मोकळ्या लढती. जुन्या युरोपीय युद्धकलेची अशी शिबिरं इथे जर्मनीत बऱ्याच ठिकाणी होतात. या कलेला, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, सगळे ‘हेमा’ म्हणतात. मी बारा वर्षं या शिबिरांना जातोय आणि त्यातली सहा वर्षं दारापाशी बसून नव्या लोकांची साधनं तपासतोय. दरवेळी त्याच चुका दिसतात. आता इथे शिकायला, नोकरीला आलेली मराठी मुलं-मुलीही येऊ लागली आहेत, आणि तीही त्याच चुका करतात. म्हणून हे मराठीत लिहायला घेतलं.

शुक्रवारी रात्रीच तलवार उपसू नका

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, त्यामुळे हिच्यावर जरा सविस्तर बोलतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मूळचा नाशिकचा एक मुलगा पहिल्यांदाच शिबिराला आला होता. जेमतेम सहा महिने लाँगस्वोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी धरायची लांब तलवार, शिकलेला, पण उत्साह असा की बघून बरं वाटावं. दिवसभर ऑफिस, मग पाच तासांचा प्रवास, त्यात एक गाडी चुकलेली. साडेआठला पोचला. जेवला नाही, खोलीत पिशवी टाकली आणि थेट हॉलमध्ये आला, कारण तिथे लढती चालू होत्या. स्वतःचे जाड हातमोजे अजून घरी पोचले नव्हते, म्हणून कुणाचे तरी मागून घेतले. ते त्याला एक माप मोठे होते. मी दुसऱ्या कोपऱ्यात होतो, माझं लक्ष नव्हतं. याची खंत मला अजून आहे.

तिसऱ्या की चौथ्या झटापटीत त्याने झ्वेर्खहाउ मारायला घेतला. हा डोक्याच्या उंचीवरून फिरणारा आडवा वार. यात हात कपाळासमोर येतात आणि अंगठा पात्याच्या सपाट बाजूवर टेकवलेला असतो. वार वेळेवर आला तर समोरच्याचं पातं तुमच्या मुठीच्या आडव्या दांडीवर अडतं. याचा उशिरा आला. समोरच्याचा वार वरून उतरला तो थेट हातावर. मोजा मोठा असल्यामुळे अंगठ्यावरचं कडक कवच बाजूला फिरलं होतं, आणि जिथे कवच हवं होतं तिथे नुसतं कापड होतं.

मोजा काढताना तो काही बोलला नाही. नख काळंनिळं पडलं होतं आणि अंगठा डोळ्यांदेखत सुजत होता. मी गाडी काढली, जवळच्या गावातल्या इस्पितळात नेलं. एक्स-रे झाला, हाड मोडलं होतं. पहाटे दोनला परत येताना त्याने विचारलं, “दादा, सकाळचा वर्ग करता येईल ना?” शनिवार-रविवार तो बाकावर बसून डाव्या हाताने टिपणं काढत होता. ज्या दोन दिवसांसाठी त्याने पैसे भरले, रजा काढली, ते दोन्ही दिवस पहिल्या अर्ध्या तासात गेले.

लाँगस्वोर्डमध्ये सर्वांत जास्त मार हाताला बसतो, कारण समोरच्याच्या सर्वांत जवळ हातच असतात. म्हणून पैसे कमी असतील तर आधी हातमोजे घ्या, बाकीचं नंतर. आणि ते घालून घरी किमान महिनाभर तलवार फिरवा. नवे कडक मोजे पहिल्यांदा घातले की मूठ नीट पकडताच येत नाही, पकड बदलते, आणि बदललेल्या पकडीचा वार भलतीकडे जातो.

याच ओघात जॅकेटच्या आकड्यांबद्दल. बरीच नवी मंडळी “माझं जॅकेट ८०० न्यूटनचं आहे” असं अशा आवाजात सांगतात, जणू आता काहीच होणार नाही. हा आकडा कापड भोसकलं जाण्याला किती विरोध करतं ते सांगतो. पातं मोडलं आणि त्याचं अणकुचीदार टोक तुमच्याकडे आलं, तर त्या वेळी तो उपयोगी. दीड किलोची पोलादी तलवार कोपरावर आदळली तर त्या आकड्याचा काहीही संबंध नाही. तिथे कडक कवचच लागतं: कोपर, गुडघे, गळा, आणि मास्कच्या मागे उघडं राहणारं डोकं. गळ्याचं कवच घातल्याशिवाय मी कुणालाही हॉलमध्ये सोडत नाही, मग तो वीस वर्षांचा अनुभवी असो.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. शुक्रवारी रात्री मी लढत नाही. जेवतो, अंथरूण घालतो (इथल्या युथ हॉस्टेलमध्ये चादरी स्वतःच घालायच्या असतात, हे पुष्कळांना रात्री अकराला कळतं), आणि इतरांच्या लढती बघतो. उद्या कुणाशी लढायचं आणि कुणापासून लांब राहायचं, हे त्या तासाभरात समजतं.

जोडीदाराला खोटा वार देऊ नका

दुखापत दिसते तरी. ही चूक दिसतही नाही, आणि आख्खं शिबिर वाया घालवते.

वर्गात दोघांच्या जोड्या लावतात. एकाने ठरलेला वार करायचा, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. उदाहरणार्थ, तुम्ही माझ्या डोक्यावर वरून वार करता. मी झोर्नहाउ, म्हणजे खांद्यावरून तिरका उतरणारा वार, तुमच्या वारावर घालतो. पाती एकमेकांना भिडतात. तुमचा जोर कमी लागला तर मी तिथूनच टोक तुमच्या तोंडावर नेतो. जोर जास्त लागला तर पातं वरून काढून घेऊन दुसऱ्या बाजूने मारतो. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिष्टेनाउअर या जर्मन तलवारगुरूच्या परंपरेतला हा अगदी पायाचा धडा. सगळा खेळ पात्यातून हाताला येणाऱ्या जाणिवेचा आहे.

आता समोरचा भला माणूस असेल तर काय करतो? तुम्हाला लागू नये म्हणून वार वीतभर अलीकडे थांबवतो. किंवा डोक्यावर न मारता तुमच्या तलवारीवर मारतो. किंवा पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे आधीच हात सैल सोडतो. मग तुमचं उत्तर दर वेळी झकास बसतं, दोघंही खूश. पण जो वार पोचणारच नव्हता तो अडवायला तुम्ही काय शिकलात?

मी स्वतः एका शिबिरात असा सबंध शनिवार घालवला. जोडीदार अतिशय सज्जन होता, दिवसभरात एकदाही मला लागलं नाही. मला वाटलं, हा डाव आता हाती आला. संध्याकाळच्या लढतीत समोरच्याचा पहिलाच खरा वार माझ्या अंदाजापेक्षा वीतभर आत आला आणि मास्कवर ठण्णकन वाजला. दुसराही तसाच. माझं उत्तर बरोबर होतं, अंतर चुकीचं होतं. दिवसभर मी चुकीच्या अंतराचाच सराव केला होता.

तेव्हापासून नवा जोडीदार मिळाला की मी आधी एकच सांगतो: “मी हलणार नाही. सावकाश ये आणि पातं माझ्या मास्कवर टेकव.” टेकलं तर अंतर खरं. टेकलं नाही तर त्याने अर्धं पाऊल पुढे यायचं. याला अर्धा मिनिट लागतो. वेग कितीही कमी चालेल, जोरही कमी चालेल, पण वार डोक्यापर्यंत पोचणारा हवा. हळू आणि खरा वार शिकवतो. जलद आणि खोटा वार सवय बिघडवतो.

उलटंही होतं. काही जण जोडीदाराच्या भूमिकेत असताना हरायलाच तयार नसतात. उत्तर काय येणार हे ठाऊक असतं, म्हणून ते आधीच त्याच्यावर तोड काढतात आणि समोरच्या नवख्याला दहापैकी दहा वेळा चुकवतात. ही हुशारी नाही. तुमची पाळी आली की तोच नवखा तुमच्यासाठी वार देणार आहे. त्याला शिकू द्या.

“पण आमच्या क्लबात असं नाही करत”

हे वाक्य वर्गात म्हणू नका. ही कला गुरुपरंपरेने अखंड आलेली नाही. कोल्हापूरच्या तालमींत पट्टा नि लाठी आजही वस्तादासमोर उभं राहून शिकता येते. इथे मधली साखळी तुटली, आणि गेल्या काही दशकांत लोकांनी जुन्या हस्तलिखितांवरून आणि छापील ग्रंथांवरून ती पुन्हा उभी केली. त्यामुळे एकाच वाक्याचे दोन जाणकार दोन अर्थ लावतात, आणि दोघांकडे कारणं असतात. तुम्ही दोन दिवसांसाठी दुसऱ्याचा अर्थ शिकायला आला आहात. तो करून बघा. प्रश्न जरूर विचारा, पण वर्ग संपल्यावर, जेवणाच्या टेबलावर. शनिवारी रात्रीच्या त्या गप्पा मला वर्गांइतक्याच मोलाच्या वाटतात.

कुठल्या वर्गात काय शिकवणार हे आधी वाचून या. तलवार आणि छोट्या ढालीचा वर्ग बहुधा इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात असलेल्या हस्तलिखितावर बेतलेला असतो. ते चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि त्यात शिकवणारा चक्क पाद्री आहे. योआखिम मायर या तलवारगुरूचा ग्रंथ स्ट्रासबुर्गला १५७० मध्ये छापला, तर इटालियन कापोफेर्रोचा रेपियरवरचा, म्हणजे लांब, सडपातळ, मुख्यतः भोसकायच्या तलवारीवरचा, सिएनात १६१० मध्ये. मायरच्या पद्धतीत वार पूर्ण फिरतात, पाऊल सतत चालतं. कापोफेर्रोच्या पद्धतीत बहुतेक सगळं टोकाचं आणि सरळ रेषेतलं काम. एकाची सवय दुसऱ्यात घेऊन गेलात तर दोन्ही बिघडतं. विक्टेनाउअर या संकेतस्थळावर यातलं बरंचसं मूळ आणि भाषांतर फुकट वाचायला मिळतं. अर्धा तास काढा.

आणि नवखे असाल तर ‘प्रगत’ वर्गात नाव घालू नका. तिथे तुमच्याबरोबर तुमच्या जोडीदाराचाही दिवस जातो.

काही लहानसहान गोष्टी

हॉलमध्ये बाहेरचे बूट चालत नाहीत. आतले वेगळे, डाग न पाडणाऱ्या तळव्यांचे आणा.

शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच लिहा. शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरात सांगून बटाट्यापलीकडे काही मिळत नाही.

लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. जाड जॅकेटमध्ये माणूस किती घामाघूम होतो याचा अंदाज पहिल्यांदा येत नाही, आणि डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. चिक्की वाटणार असाल तर शेंगदाणे आहेत हे आधी सांगा. कुणाला ते चालत नाहीत.

लागलं तर लागलं म्हणा. मास्क घातलेल्या माणसाला लागलं की नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

तलवारीची पिशवी रेल्वेत, स्टेशनवर बंद आणि कुलूप लावलेली हवी. जर्मन शस्त्र कायद्याचं कलम ४२अ सार्वजनिक जागी असली शस्त्रं जवळ बाळगू देत नाही. बंद पेटी-पिशवीतून नेण्याची मात्र मुभा आहे. बोथट आहे, सरावाची आहे, हे फलाटावरच्या पोलिसाला लांबून दिसत नाही. फोटोसाठी बाहेर काढू नका.

पात्याकडे रोज रात्री बघा

लढतींमध्ये पात्याच्या कडेला खाचा पडतात आणि त्यांना बारीक कुसळं फुटतात. ती जॅकेट फाडतात, हात कापतात. मी जुना नायलॉनचा पायमोजा कडेवरून हलक्या हाताने फिरवतो. जिथे अडकेल तिथे कानस, मग पॉलिश पेपर. खोल खाच किंवा बारीक तडा दिसला तर ती तलवार बाजूला ठेवायची, “आजचा दिवस चालवू” म्हणायचं नाही. पातं बाकदार वाकून परत सरळ होत असेल तर ठीक, पण एकाच जागी कोन पडला असेल तर ते तिथेच मोडणार. मुठीच्या टोकाचा गोळा नटाने बसवलेला असेल, तर तो दोन दिवसांत सैल होतो. त्याची चावी जवळ ठेवा.

रविवारी शेवटच्या तासाला “अजून एकच लढत” म्हणणारे पुष्कळ असतात. पाय जड झालेले, झोप अर्धी, मान आखडलेली. वार थांबवायला जी ताकद लागते तीच आधी संपते, आणि मग वार थांबत नाहीत. मी रविवारी अकरानंतर पोलाद हातात घेत नाही. नायलॉनची तलवार घेऊन कुणा नवख्याला पाऊल कसं टाकायचं ते दाखवतो.

घरी कितीही उशिरा पोचलात तरी पिशवी त्याच रात्री उघडा. जॅकेट हँगरला, मोजे उलटे करून वाऱ्यावर, मास्कचं आतलं कापड सुटत असेल तर काढून धुवायला. पातं कोरड्या फडक्याने पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा, तेवढं पुरतं. एका वर्षी मी थकून तशीच पिशवी कोपऱ्यात टाकली आणि बुधवारी उघडली. घामाने ओला मोजा पात्यावर पडून राहिला होता. कितीही घासलं तरी त्या पात्यावर मुठीपासून हातभर अंतरावर चार बोटांचा तांबूस डाग अजून आहे.