वाडीतलं बावखल आणि आपली प्रार्थना: काय काय करता येईल

वसईत आपण रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जातो, घरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते, आणि रात्री डंपर येऊन बावखलात, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, भराव टाकून जातो तेव्हा वाईट सगळ्यांनाच वाटतं पण काय करायचं ते कळत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी पाच-सहा घरं जमवा. जास्त नकोत. आठवड्यातून एकदा रोझरीनंतर अर्धा तास बसायचं, बायबलमधल्या यशयाचा 58 वा अध्याय मोठ्याने वाचायचा (ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर हाच घ्या, देवाला कुठला उपवास आवडतो ते त्यात सरळ सांगितलंय), थोडा वेळ गप्प राहायचं आणि मग आपल्या वाडीसाठी प्रार्थना. त्यात भराव टाकणाऱ्याचं आणि ऑफिसातल्या साहेबांचंही नाव घ्या, बायबलमधलं मत्तय 5:44 (शत्रूंवर प्रेम करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा) त्यासाठीच आहे, आणि ही प्रार्थना करून मग अर्ज लिहायला बसलं की अर्जातला राग कमी होतो आणि मुद्दे वाढतात हे मी खात्रीने सांगतो.

मग अभ्यास. हा भाग लोक टाळतात आणि तिथेच सगळं फसतं. बावखल म्हणजे नुसतं डबकं नाही, पावसाचं गोडं पाणी त्यात साठून जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी त्याच्यावर जगतात, समुद्र एवढा जवळ असून खारं पाणी लांब राहतं. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रहाट कुठे होता, पानवेल कुठपर्यंत होती, सगळं लिहून ठेवा. पोप फ्रान्सिसनी 2015 साली निसर्गावर जे परिपत्रक काढलं ते थोडं थोडं वाचा. वसईचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईचं, म्हणजे इथली हिरवाई वाचवायचं, आंदोलन उभं केलं ते धर्मगुरू असतानाच, आणि त्यात सगळ्या जातीधर्माची माणसं होती, ते तरुण पोरांना सांगायलाच पाहिजे.

आता कागद. सातबारा काढा, कारण बरीच बावखलं खाजगी मालकीची आहेत, मालक तयार नसेल तर आधी त्याच्या घरी जाऊन बोला, फादरांना सोबत न्या. मग माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, महाराष्ट्रात 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, भरावाला परवानगी दिली का, दिली तर कुणी आणि कधी, एवढंच विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेला जा, विषय आधी लेखी द्या आणि ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का ते बघूनच घरी या. महापालिका असेल तर प्रभाग कार्यालयात तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची.

अर्ज धर्मग्रामाच्या (आपल्या चर्चच्या) नावाने करू नका बरं का, नागरिक म्हणून करा आणि सहीला शेजारच्या हिंदू, मुसलमान घरांनाही बोलवा, पाणी सगळ्यांच्याच विहिरीचं आहे.

गाळ काढायचा असेल तर एप्रिल-मेमध्येच, पाणी खाली गेलेलं असताना, आणि निघालेला गाळ प्लास्टिक वेचून केळीच्या मुळाशी टाका.